एडीएमएमचा आलेख मध्येच रांगायला लागतो... हे १/के नक्की कशाचं असतं?

रेसिड्युअलवाली (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, इथे बहुतेक धागे पाककृती आणि ट्रेकचे असतात तरी विचारून बघते, कारण मागे कुणीतरी सिंप्लेक्सवर लिहिलं होतं तेव्हा बरीच जाणती माणसं बाहेर पडली होती. एमटेकचं दुसरं वर्ष, प्रबंध जूनमध्ये द्यायचाय. लॅसो (बरेच गुणक शून्य ठेवून डेटाला सूत्र बसवणं) सोडवतेय एडीएमएमने, ही प्रॉब्लेमचे दोन भाग करून आळीपाळीने सोडवायची स्प्लिटिंग पद्धत, म्हणजे एकीकडे लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज) आणि दुसरीकडे एल-वन नॉर्म (गुणकांच्या आकारांची बेरीज), मॅट्रिक्स आडवी आहे, ओळी ३०० आणि कॉलम १०००. कोड चालतो, उत्तरही दिसायला बरं येतं, पण आलेख बघवत नाही. पहिल्या पन्नासेक फेऱ्यांत चूक झपकन उतरते आणि मग जी रांगायला लागते ती रांगतेच. गाईडना दाखवलं तर म्हणाले थिअरीत १/केच आहे (के म्हणजे फेऱ्यांची संख्या), एवढंच येणार, पुढे चला. पण मैत्रिणीचा तसलाच प्रॉब्लेम आहे आणि तिचा आलेख लॉग स्केलवर मस्त सरळ रेषेत खाली जातो!

सहा पेपर वाचले. एकात १/के, एकात १/√के, एकात लिनियर (लॉग स्केलवरची ती सरळ रेषा), एकात लिटल-ओ (लिहिलेल्या वेगापेक्षाही किंचित जलद). सगळे म्हणतात आमचं टाइट आहे, म्हणजे याहून चांगली हमी देताच येत नाही. सगळेच टाइट कसे असतील?

आणि अजून एक, कन्सोलवर दर फेरीला आकडा छापते तो तर वरखाली नाचतो. कॉन्व्हेक्स आहे ना, वाडग्यासारखा, मग वर कशाला जातो?

चहाबाज (रविवार, रात्री ११:५८)

शीर्षक वाचून वाटलं बाळ रांगायला लागलंय म्हणून आलो. आता आलोच आहे तर सांगा, स्प्लिटिंग म्हणजे काय? मी कॉमर्सवाला, पण झोप येत नाहीये.

ह्यूस्टनकर (सोमवार, पहाटे १२:३५)

माझ्याकडे आत्ता दुपार आहे, सावकाश लिहितो. आणि विषय माझ्या गावचा आहे म्हणून जरा मिरवूनही घेतो.

चहाबाज, दोन अटी एकदम सांभाळायच्या असतात आणि एकदम सांभाळणं अवघड असतं, पण एकेक सुटी घेतली तर प्रत्येक सोपी असते. मग एकदा हिला खूश करायचं, एकदा तिला, आणि मध्ये दोघींच्या मागण्यांची नोंद ठेवत जायचं. ती नोंद महत्त्वाची, नाहीतर नुसती फरपट होते.

ही युक्ती मशीन लर्निंगवाल्यांनी काढलेली नाही. १९५५ साली इथे ह्यूस्टनमध्ये हंबल ऑइल या तेल कंपनीत पीसमन आणि रॅचफर्ड होते, त्यांना जमिनीखालच्या तेलाच्या प्रवाहासारखी गणितं जाळी मांडून सोडवायची होती. पूर्ण जाळीचं समीकरण एकदम सोडवायला घेतलं तर तेव्हाच्या यंत्रांचा जीव जायचा. मग त्यांनी अर्ध्या पावलात फक्त आडव्या ओळी सोडवल्या आणि उरलेल्या अर्ध्यात फक्त उभे रकाने. प्रत्येक ओळीला तीन कर्णांची मॅट्रिक्स लागते, ती चुटकीसरशी सुटते. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, डग्लस आणि रॅचफर्डचा पेपर आला, उष्णता वहनावर, दोन आणि तीन मितींसाठी. तीन मितींत पीसमन-रॅचफर्डची युक्ती सरळ लांबवली तर ती हव्या त्या पावलाला स्थिर राहत नाही, म्हणून हा दुसरा प्रकार.

मग १९७५-७६ ला फ्रान्समध्ये ग्लोविन्स्की-मारोको आणि गाबे-मर्सिए यांनी एडीएमएम काढलं. १९७९ ला लायन्स आणि तेच मर्सिए यांनी दाखवलं की डग्लस-रॅचफर्डला उष्णता बिष्णता लागत नाही, कुठलेही दोन मोनोटोन ऑपरेटर (कॉन्व्हेक्स फंक्शनच्या उतारासारखे) चालतात. गंमत म्हणजे पिएर-लुई लायन्सचा जन्म १९५६ चा, पेपर आणि तो एकाच वयाचे. पुढे गाबेनेच दाखवलं की एडीएमएम म्हणजे डग्लस-रॅचफर्डच, फक्त ड्युअल बाजूला, म्हणजे त्या मागण्यांच्या नोंदीच्या बाजूला, लावलेलं. तेव्हा रेसिड्युअलवाली, तू वापरतेयस ते आमच्या तेलवाल्यांचंच आहे.

लॅम्डाताई (सोमवार, सकाळी ७:१०)

इतिहास छान. पण पोरीचा आलेख अडकलाय, त्याचं बघूया. रेसिड्युअलवाली, तीन प्रश्न. उभ्या अक्षावर काय आहे, ऑब्जेक्टिव्हची (जो आकडा कमीत कमी करायचाय त्याची) चूक, रेसिड्युअल (दोन भागांची उत्तरं अजून किती जुळत नाहीत ते) की उत्तरापासूनचं अंतर? ते जसंच्या तसं आहे की वर्ग करून? आणि शेवटच्या फेरीचा एक्स घेतेस की आतापर्यंतच्या सगळ्यांची सरासरी? तुझ्या सहा पेपरांतलं भांडण या तीन प्रश्नांतच मिटेल, ते सगळे वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

रेसिड्युअलवाली (सोमवार, सकाळी ९:०२)

ताई, ऑब्जेक्टिव्हची चूक आहे, वर्ग नाही. आणि सरासरीच घेते की! पेपरात स्वच्छ लिहिलंय की सरासरीला १/के मिळतो आणि शेवटच्या फेरीला नुसता १/√के. चांगलं ते घेतलं. कन्सोलवर मात्र शेवटच्या फेरीचा छापते, आळस.

खडूस_समीक्षक (सोमवार, सकाळी ९:२०)

झालं. सापडला चोर.

लॅम्डाताई (सोमवार, दुपारी १:१५)

थांबा हो, तिला आधी हे आकडे कुठून येतात ते कळू दे, मग चोर पकडू. डबा खाता खाता लिहितेय.

डग्लस-रॅचफर्डमध्ये एक झेड असतो, म्हणजे अंदाज आणि नोंद एकत्र धरलेला बिंदू, तो फेरीगणिक हलतो, आणि उत्तराचा एक झेड-स्टार असतो. सुरुवातीच्या अंतराचा वर्ग हे तुझं भांडवल समज. सिद्धांत एवढाच की तू जेवढं पाऊल टाकतेस त्याचा वर्ग, निदान तेवढा तरी, दर फेरीला त्या भांडवलातून वजा होतो. भांडवल शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून सगळ्या पावलांच्या वर्गांची बेरीज कितीही फेऱ्या केल्या तरी मूळ भांडवलाच्या आतच. दुसरी गोष्ट, पाऊल कधी मागच्या पावलापेक्षा मोठं पडत नाही, कारण एका झेडवरून पुढचा झेड देणारा ऑपरेटर अंतरं वाढवत नाही. आता के पावलं झाली आणि शेवटचं सगळ्यांत लहान, तर के गुणिले त्याचा वर्ग हा भांडवलापेक्षा मोठा असूच शकत नाही. म्हणजे पावलाचा वर्ग भांडवल भागिले के. आला तुझा १/के. पण वर्गाचा! नुसत्या पावलाचा १/√के. निम्मे पेपर वर्ग लिहितात, निम्मे नाही.

लिटल-ओ पण याच हिशेबातून फुकट मिळतो. फक्त दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यांचा खर्च बघ, के भागिले दोनपासून के पर्यंत. एकूण खर्च मर्यादित आहे म्हणून हा शेपटाचा खर्च शून्याकडे जातो. आणि त्यातलं प्रत्येक पाऊल शेवटच्या पावलाएवढं तरी आहेच. म्हणजे के गुणिले शेवटचा वर्ग हाच शून्याकडे जातो. झाला लिटल-ओ, चौथी ओळ लागत नाही.

ऑब्जेक्टिव्हचं वेगळं. त्यावर डेव्हिस आणि यिन यांचं २०१४ पासूनचं काम बघ, त्यांनी दाखवलं की गुळगुळीतपणा काहीच गृहीत धरला नाही तर सरासरीचा वेग प्रॉक्सिमल पॉइंट पद्धतीच्या तोडीचा (१/के) असतो आणि शेवटच्या फेरीचा जवळजवळ सबग्रेडियंट पद्धतीइतका (१/√के) रडका, आणि दोन्ही टाइट. म्हणजे तुझे सगळे पेपर खरं बोलतायत, फक्त प्रत्येक जण आपापल्या वर्गातल्या सगळ्यांत वाईट उदाहरणाबद्दल बोलतोय. तुझ्या उदाहरणाबद्दल कुणी काही म्हणालेलंच नाही.

कंपासपेटी (सोमवार, संध्याकाळी ५:३०)

मी निवृत्त शिक्षक, बेचाळीस वर्षं भूमिती शिकवली, हा विषय माझा नाही. पण वरचं वाचून लॅम्डाताईंना खासगी निरोप पाठवून विचारलं की अटी म्हणजे साध्या दोन रेषा धरल्या तर चालेल का. त्या म्हणाल्या चालेल, नक्की करा. म्हणून दुपारी कागद घेऊन बसलो. सर्वांनी करून पाहावं असं आहे म्हणून कृती देतो.

चित्रकलेचा मोठा कागद घ्या. मध्याच्या थोडं डावीकडे ओ बिंदू घ्या. ओमधून एक आडवी रेषा काढा, ती अ. ओमधूनच ४५ अंशांत दुसरी, ती ब. दोन्ही रेषांवर असलेला बिंदू शोधायचा आहे, म्हणजे उत्तर ओच, पण आपल्याला माहीत नाही असं धरा. अ रेषेवर उजवीकडे ओपासून १६ सेंटीमीटरवर बिंदू झेड घ्या. आता झेडचं अ रेषेत प्रतिबिंब काढा, त्या प्रतिबिंबाचं ब रेषेत प्रतिबिंब काढा, आणि हा जो शेवटचा बिंदू आला तो आणि मूळ झेड यांचा मध्य घ्या. हा नवीन झेड. हेच पुन्हा.

माझ्या कागदावर ओपासूनची अंतरं अशी आली: १६, ११.३, ८, ५.७, ४, २.८, २, १.४, १. आठ पावलांत बिंदू बरोबर एक पूर्ण चक्कर मारून परत त्याच दिशेला आला आणि १६ चा १ झाला. गोगलगाईच्या शंखासारखी आकृती होते. दर पावलाला ४५ अंश वळतो आणि अंतराला कोसाइन ४५ ने गुणलं जातं. कारणही सोपं आहे, दोन प्रतिबिंबं लागोपाठ म्हणजे रेषांमधल्या कोनाच्या दुप्पट फिरणं, म्हणजे ९० अंश, आणि मध्य घेतला की अर्धा कोन आणि कोसाइन.

मग मध्य न घेता नुसतं पुढे जात राहिलो, तर चार पावलांत चौरस पूर्ण झाला आणि बिंदू होता तिथे परत! अंतर तेच १६.

लॅम्डाताई (सोमवार, संध्याकाळी ५:४८)

सर, साष्टांग. तो चौरस म्हणजे पीसमन-रॅचफर्ड आणि शंख म्हणजे डग्लस-रॅचफर्ड. दोघांत फरक फक्त तो मध्य घेण्याचा.

चहाबाज (सोमवार, रात्री ८:१०)

मुलाची कंपासपेटी घेऊन बसलोय, बायको विचारतेय दहावी परत देणार का. शंख आला!! पण एक शंका. दुसऱ्या पावलाला माझा झेड ओच्या बरोब्बर डोक्यावर ८ सेंटीमीटरवर आला. तिथून अ रेषेवर लंब टाकला तर थेट ओवरच पडतो. म्हणजे उत्तर हातात आलं होतं की, मग पुढे कशाला फिरतोय हा?

खडूस_समीक्षक (सोमवार, रात्री ८:४५)

कॉमर्सवाल्याने या धाग्यातला सगळ्यांत चांगला प्रश्न विचारलाय.

झेडची अ रेषेवरची सावली हाच आपला एक्स. त्या सावल्यांची ओपासूनची अंतरं क्रमाने लिहा: १६, ८, ०, ४, ४, २, ०, १, १. दुसऱ्या पावलाला शून्य, तिसऱ्याला परत ४. रेसिड्युअलवालीच्या कन्सोलवरचा नाच तो हाच. झेड सरळ चाललेला नाही, घिरट्या घालत आत येतोय, त्यामुळे सावली कधी उत्तरावरून पार होते आणि पुढे निघून जाते. घटत जायची हमी झेडच्या अंतराला आहे, एक्सच्या चुकीला कुणी दिलेली नाही. कॉन्व्हेक्स असण्याचा इथे संबंध नाही.

आणि थांबायचं का नाही, तर अल्गोरिदमला ओ माहीत नाही. त्याला फक्त एक्स आणि त्याचा जोडीदार वाय, जो ब रेषेवर असतो, हे दोघं किती जवळ आहेत ते दिसतं. दुसऱ्या पावलाला एक्स ओवर आहे पण वाय अजून ५.७ सेंटीमीटर लांब. एकट्या एक्सचं बघून थांबलात तर एखाद्या दिवशी जमेल, उरलेले दिवस तोंडावर पडाल. म्हणून एडीएमएममध्ये प्रायमल आणि ड्युअल असे दोन्ही रेसिड्युअल बघतात.

लॅम्डाताई (सोमवार, रात्री ९:३०)

आता चोर. रेसिड्युअलवाली, गृहपाठ. सरांच्याच रेषा पण कोन १० अंशांचा, सुरुवातीचं अंतर १. झेडचं अंतर एक दशलक्षांशाच्या खाली यायला किती फेऱ्या लागतात ते मोज. त्याच वेळी आतापर्यंतच्या सगळ्या झेडांची सरासरी ओपासून किती लांब आहे तेही छाप. दहा ओळींचा कोड आहे.

रेसिड्युअलवाली (सोमवार, रात्री १०:१५)

९०३ फेऱ्या. आणि सरासरी ०.००६४ वर.

ताई मी दोनदा तपासलं. शेवटचा झेड दशलक्षांशावर आणि सरासरी अजून हजारांशातच अडकलीय?? हा तर हुबेहूब माझा आलेख आहे.

लॅम्डाताई (सोमवार, रात्री १०:४०)

हो. दर फेरीचा झेड मागच्याला कोसाइन १० ने गुणून आणि १० अंश फिरवून मिळतो, म्हणजे भूमितीय श्रेढी, फक्त फिरणारी. सगळ्यांची बेरीज १ भागिले साइन १० वर जाऊन स्थिरावते, म्हणजे ५.७६. ती बेरीज कधी शून्य होत नाही. सरासरी म्हणजे ५.७६ भागिले फेऱ्या. ९०३ ने भाग, ०.००६४. सरासरी दशलक्षांशावर आणायची तर ५७ लाख ६० हजार फेऱ्या लागतील. शेवटच्या झेडला ९०३ पुरतात.

सुरुवातीच्या भिकार फेऱ्या सरासरीत कायमच्या राहतात. पहिल्या सहामाहीला नापास झालेल्या पोराने नंतर कितीही मार्क मिळवले तरी वार्षिक सरासरी वर यायला वेळ लागतो, तसलं. १/के ही सरासरीला वाईटात वाईट दिवशी मिळणारी हमी आहे, पण चांगल्या दिवशीही ती त्याहून फार वर जात नाही. आणि शेवटच्या फेरीची हमी वाईट असली तरी चांगल्या दिवशी तिला कुणी अडवलेलं नसतं.

खडूस_समीक्षक (सोमवार, रात्री ११:०५)

यात एक भर घालतो नाहीतर लोक चुकीचं घेऊन जातील. दोन उपअवकाशांसाठी (रेषा, प्रतलं वगैरे) डग्लस-रॅचफर्डचा वेग म्हणजे फ्रीडरिक्स कोनाचा, म्हणजे त्या दोघांमधल्या कोनाचा, कोसाइन, हे २०१४ साली बाउश्के आणि सहकाऱ्यांनी नीट सिद्ध केलंय. आणि नुसतं आलटून पालटून प्रोजेक्शन केलं, एकदा अवर एकदा बवर, तर वेग कोसाइनचा वर्ग, म्हणजे निम्म्या फेऱ्या. १० अंशांना ४५२ पुरतील. मग लगेच कुणी म्हणेल की तेच वापरा. रेषांना वापरा खुशाल. पण प्रोजेक्शनच्या जागी प्रॉक्स (फंक्शन कमी करायचं पण फार लांब न जाता, अशी पायरी) आला की नुसत्या आलटापालटीने मूळ प्रॉब्लेमचं उत्तर मिळत नाही, दोनपैकी एक फंक्शन घासून गुळगुळीत केलेल्या भलत्याच प्रॉब्लेमचं मिळतं. वर ह्यूस्टनकरांनी नोंद ठेवण्याचं म्हटलं ती नोंद इथे कामाला येते.

आणि कोन बारीक झाला की सगळ्यांचेच हाल. १ अंशाला ९० हजारांच्या वर फेऱ्या.

रेसिड्युअलवाली (मंगळवार, सकाळी ८:५०)

सरासरी काढून टाकली. आलेख बदलला!! पण पूर्ण सरळ नाही अजून. आधी एक सपाट पट्टा, मग अचानक सरळ रेषा, थोडी नागमोडी. आणि माझ्या प्रॉब्लेममध्ये रेषा कुठे आहेत? लॅसो आहे तो.

लॅम्डाताई (मंगळवार, दुपारी १:३०)

रेषा आहेत, फक्त उशिरा दिसतात. एल-वनमुळे तुझ्या एक हजार गुणकांपैकी बरेचसे शून्य होणार. पण कोणते, हे ठरायला वेळ लागतो, तो तुझा सपाट पट्टा. दर फेरीला सॉफ्ट-थ्रेशोल्डनंतर (उंबरठ्याच्या आतले गुणक शून्य करणारी पायरी) शून्य नसलेले किती ते मोजून छाप. ज्या फेरीला ती यादी बदलायची थांबेल त्याच्या आसपास तुझी सरळ रेषा सुरू झालेली दिसेल. यादी ठरली की आजूबाजूचं सगळं सपाट पृष्ठभागांचं होऊन जातं आणि मग सरांच्या रेषांचं गणित लागू, वेग त्या पृष्ठभागांमधल्या कोनावरून. नागमोडी म्हणजे शंखाची सावली. लियांग, फदिली आणि पेरे यांचं २०१७ चं काम याच्यावरच आहे, प्रबंधात उल्लेख कर.

तुझी मॅट्रिक्स आडवी असल्यामुळे सुरुवातीपासून लिनियर अशी हमी मात्र त्या नेहमीच्या प्रमेयातून मिळत नाही, लीस्ट स्क्वेअर्सचा भाग स्ट्राँगली कॉन्व्हेक्स, म्हणजे सगळ्या दिशांना नीट वाकलेला, नाही. असता तर गिसेल्सन आणि बॉइड यांचं मस्त सूत्र आहे, पाऊल नीट निवडलं तर दर फेरीला चुकीला √कापा भागिले (√कापा अधिक १) ने गुणायचं. कापा म्हणजे कंडिशन नंबर, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी वाकण्याचं गुणोत्तर. कापा १०० असेल तर १०/११. मैत्रिणीची मॅट्रिक्स उभी आहे का बघ.

रेसिड्युअलवाली (मंगळवार, दुपारी २:०५)

उभी आहे!!! ५००० बाय २००. आणि मी महिनाभर तिच्यावर जळतेय.

खडूस_समीक्षक (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

रो, म्हणजे एडीएमएममधलं पाऊल ठरवणारा आकडा, कसा ठरवतेस? आपोआप बदलतेस का?

रेसिड्युअलवाली (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

हो, ते नेहमीचं, एक रेसिड्युअल दुसऱ्याच्या दहापट झाला की रो दुप्पट किंवा निम्मा. स्केल्ड फॉर्ममध्ये.

खडूस_समीक्षक (मंगळवार, संध्याकाळी ६:५२)

आणि रो दुप्पट केल्यावर यू (ती साठवत आणलेली नोंद) निम्मा करतेस का?

रेसिड्युअलवाली (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

...

नव्हते करत. 😭 स्केल्ड यूमध्ये रो आत दडलेला असतो हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे रो बदलला की आत्तापर्यंतची सगळी नोंद एका फटक्यात दुप्पट किंवा निम्मी होऊन बसत होती. आलेखावर मधूनमधून टेंगळं यायची ती तीच. मी त्यांना ‘नॉनमोनोटोन बिहेवियर’ असं भारदस्त नाव देऊन अख्खा परिच्छेद लिहिलाय.

चहाबाज (मंगळवार, संध्याकाळी ७:४१)

आमच्यात याला खतावणीत चलन बदललं आणि जुन्या नोंदी तशाच ठेवल्या असं म्हणतात. ऑडिटर झोडतो.

खडूस_समीक्षक (मंगळवार, संध्याकाळी ८:००)

अगदी तेच. शिवाय रो बदलला की मॅट्रिक्सचं फॅक्टरायझेशन (समीकरणं झटपट सुटावीत म्हणून केलेली फोड) पुन्हा करावं लागतं, तो खर्चही धर. आणि सिद्धांत सगळा रो कायम असताना आहे, तेव्हा काही फेऱ्यांनंतर बदलणं बंद कर.

रेसिड्युअलवाली (बुधवार, सकाळी १०:१०)

अजून एक विचारते आणि मग अभ्यासाला लागते. गुणक सगळे धन असले पाहिजेत अशी अट गाईडना घालायची आहे. दोन भागांच्या जोडीला तिसरा भाग, म्हणजे तिसरा ब्लॉक, जोडू का? दोनांत चालतं तर तीनांत का नाही चालणार.

खडूस_समीक्षक (बुधवार, सकाळी १०:३५)

कृपा करून नको. चेन, हे, ये आणि युआन यांचा २०१६ चा पेपर काढ. ऑब्जेक्टिव्ह शून्य, फक्त तीन चल आणि तीन समीकरणं, कॉलम (१,१,१), (१,१,२) आणि (१,२,२). एवढ्या पोरखेळावर तीन ब्लॉकचं सरळ एडीएमएम फुटतं. फेरीच्या मॅट्रिक्सचा स्पेक्ट्रल रेडियस १.०२७८ येतो, म्हणजे पंचवीसेक फेऱ्यांत चूक दुप्पट. इतकी हळू की शंभर फेऱ्या करून थांबणाऱ्याला वाटावं अजून जमून येईल. ह्यूस्टनकरांचं तीन मितींचं वाक्य आठव, दोनाचं तीन करताना हात भाजलेले लोक जुने आहेत.

आणि तुला तिसरा ब्लॉक लागतच नाही. एल-वन आणि धन असण्याची अट दोन्ही एकाच प्रॉक्समध्ये बसतात. सॉफ्ट-थ्रेशोल्ड दोन्ही बाजूंनी करतेस ना, त्याऐवजी उंबरठा वजा कर आणि ऋण आलं तर शून्य. एक ओळ.

ह्यूस्टनकर (बुधवार, रात्री ९:१५)

सरासरीची एवढी निंदा झाली म्हणून तिच्या बाजूने दोन शब्द. गूगलने २०२१ मध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगसाठी पीडीएलपी आणलं, ते चँबोल-पॉक या आणखी एका स्प्लिटिंग पद्धतीच्या घराण्यातलं आहे, आणि त्यात सरासरी घेतात. पण थोड्या फेऱ्यांची घेतात, मग त्या सरासरीपासूनच नव्याने सुरुवात आणि पाटी कोरी. लिनियर प्रोग्रॅमवर अशा रीस्टार्टने लिनियर वेग मिळतो हे सिद्धही झालंय. सुरुवातीपासूनचं ओझं वाहत नेलं नाही की सरासरी गुणाची आहे.

ज्यांना रेसिड्युअलच्याच हमीत रस आहे त्यांनी हाल्पर्नची पद्धत बघा, १९६७ ची, दर फेरीला सुरुवातीच्या बिंदूकडे थोडं मागे ओढायचं, ओढ कमी कमी करत. लीडरने २०२१ मध्ये दाखवलं की त्यात पाऊल, वर्ग न करता, सुरुवातीच्या अंतराची दुप्पट भागिले (के अधिक १) एवढं खाली येतं. लॅम्डाताईंच्या भांडवलाच्या हिशेबात √के होतं तिथे सरळ के.

कंपासपेटी (गुरुवार, सकाळी ६:४५)

ह्यूस्टनकर, तुमचं वाचून पुन्हा कागद काढला. मध्य न घेता काढलेला तो चौरस, जो कधी ओकडे जातच नव्हता, त्याच्या चार कोपऱ्यांची सरासरी काढली.

ती थेट ओवर येते. अजिबात चूक नाही. चार पावलांत उत्तर.

लॅम्डाताई (गुरुवार, सकाळी ७:२०)

सर, चारवर थांबलात म्हणून. पाचवं पाऊल टाकून सरासरी काढा.

कंपासपेटी (गुरुवार, सकाळी ७:५५)

३.२ सेंटीमीटर. नवव्याला १.८. तेराव्यानंतर कागदाला भोक पडलं.

रेसिड्युअलवाली (गुरुवार, सकाळी ९:३०)

सर, ही आकृती प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात टाकू का? शंख आणि चौरस शेजारी शेजारी. हाताने काढलेलीच स्कॅन करून हवीय, भोकासकट.